पुढचा एक्सल आणि काकांची शिस्त

आधीच सांगून टाकतो, दोष भास्करकाकांचा. मिस्त्रीचा थोडा, आमच्या वडिलांचा गप्प बसण्यापुरता. पण मूळ काका. जव्हारच्या त्याच मिस्त्रीच्या गॅरेजात किस्से भंगारासारखे साचले. आणून टाकणारे सगळे, उचलून नेणारा कुणी नाही. म्हणून मीच बाहेर काढतोय.

काका प्राथमिक शिक्षक. लिलावात त्यांनी जुनी फोर-व्हील पिकअप घेतली, सूर्यमाळच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी पोचवायचं काम मिळालं होतं म्हणून. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात. म्हणाले, "परीक्षा राहू दे. हा उन्हाळा गाडी चालव, जूनमध्ये तुला परत कॉलेजात पाठवतो." मी आलो.

* * *

आठवड्यात पुढचं चाक निखळलं. काका वाकून खाली बघतात, तर दोन्ही चाकांची जोडणी वेगवेगळी. "म्हणजे ही दोघं आपापली हलतात? मग मोडणारच. घर असो की गाडी, प्रत्येकाने आपल्या मनाने हलायचं नसतं."

ठरलं. भंगारातल्या जीपचा अख्खा एक्सल पुढे बसवायचा. एक दांडा, दोन्ही चाकं एका शिस्तीत. वडील म्हणाले, "भाऊ म्हणतोय तर असेल."

* * *

मिस्त्री सारखा ऐकवायचा, "भिवंडीत मी ट्रक उभे केलेत, ट्रक."

मी म्हटलं, "उभेच केलेत ना? चालला का त्यातला एखादा?"

काकांनी गिऱ्हाइकांसमोर माझ्या थोबाडीत मारली. वडीलधाऱ्यांशी बोलायची पद्धत असते म्हणे.

* * *

आता पुढची चाकं फिरवणारा आमच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट निघतो डावीकडे आणि तो ज्यात बसवायचा, तो जीपच्या एक्सलचा गोळा उजवीकडे. मिस्त्री म्हणाला, "पलटी करून घालू. गोळा आपोआप डावीकडं."

"उलटा घातला तर फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं मागे फिरतील," मी म्हटलं.

काका हसले. "परीक्षा न दिलेला आता आम्हाला शिकवणार."

एक्सल उलटा बसला. साध्या गिअरमध्ये पुढची चाकं मोकळीच फिरतात, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. शिस्त आली, असं काका शाळेतही सांगून आले.

* * *

मोखाड्याच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात स्टिअरिंग थडथडायला लागलं. हातात राहीना. शेजारून काकांनीही ते धरलं. मी डावीकडे, ते उजवीकडे. गाडी सरळ कोरड्या खाचरात.

बांधावरची बाई म्हणाली, "गुरुजी, पोराला शिकवताव काय?"

काका म्हणाले, "हो."

* * *

शेवटी सूर्यमाळची खेप. मागे भरलेली टाकी, टाकीला धरून मिस्त्री. वर वळणावर बायका हंडे घेऊन उभ्या. चढावर मुरूम सुटा, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"फोर-व्हील टाक."

"काका, नको."

"टाक म्हणतो ना." आणि त्यांनीच दांडी ओढली.

मागची चाकं वर ओढतायत, पुढची खाली. गाडी मध्येच उभी, ताप चढल्यासारखी थरथरतेय. काका खिडकीतून हात हलवत ओरडतायत, "येतेय, येतेय."

वरून एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, आधी ठरवा, कुठं जायाचा तां."

मग गिअरबॉक्स फुटला. टाकी कलंडली. पाणी उतारावरून निघालं आणि बायका हंडे घेऊन त्याच्यामागे धावत सुटल्या. काका खाली उतरले, मिस्त्रीला म्हणाले, "शिस्त बरोबर होती. रस्ताच वाकडा."

पाण्याचं काम दुसऱ्याला गेलं. जूनमध्ये काकांनी मला पाठवलं नाही. माझं कॉलेज कायमचं सुटलं.