मेल्यानंतरच्या लाथा

यादव बिऱ्हाडेबद्दल सांगायला बसलो की मला आधी राग येतो. लालचंदशेठचा येतो, खुद्द यादवचा येतो आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो.

यादव जळगावात डाळमिलमध्ये पोती उचलायचा आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानात पोरांना कराटे शिकवायचा. मी लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारा. ब्याण्णव साली लग्नसराई संपली, कॅमेरा रिकामा पडला, म्हणून आम्ही दोघांनी ‘काळा पट्टा’ नावाचा सव्वा तासाचा पिक्चर काढला. यादव हीरो, त्याचेच विद्यार्थी गुंड. गोष्ट काही नव्हती, पण यादवची लाथ खरी होती. चाळीसगावपासून दोंडाईच्यापर्यंत व्हिडिओ हॉलांत लोकांनी शिट्ट्या मारल्या.

एका माणसाने मात्र तो पाहिला नाही. यादवची आई द्रौपदाबाई दोंडाईच्याजवळच्या खेड्यात राहायची, आणि व्हिडिओ हॉलात तेव्हा बायका जात नसत. पोरगा वीस वर्षं नुसत्या हवेत लाथा झाडतोय, एवढंच तिला माहीत होतं. ती मला म्हणायची, “पुनाभाऊ, त्याले सांगा, लाथा मारीसन कोनं पोट भरस का?” यादव हसायचा, पण ते त्याला लागायचं. आईने एकदा आपल्याला लढताना पाहावं, जिंकताना पाहावं, एवढीच त्याची इच्छा होती.

दोन वर्षांनी लालचंदशेठ आले. त्यांचे दोन व्हिडिओ हॉल होते. दुसरा भाग काढा म्हणाले, पण नावाजलेला नट पाहिजे. “यादवची लाथ चांगली आहे, पण पोस्टरवर लाथ ओळखू येत नाही. तोंड ओळखीचं पाहिजे.” असा नट मिळाला तर दोंडाईच्याला खास बायकांचा शो ठेवू, असंही म्हणाले. ते ऐकून यादवचे डोळे चमकले आणि नाव त्यानेच सुचवलं. तमाशात तीस वर्षं राजाचं काम करणारे धुळ्याचे आधारभाऊ. त्यांना गुरू करू, मध्यंतराला खलनायक गुरूला मारेल, मग शिष्य बदला घेईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आम्ही धुळ्याला गेलो. आधारभाऊंनी प्रेमाने चहा पाजला, गुरूचं काम आनंदाने घेतलं, आणि शेठने दुसऱ्याच दिवशी त्यांच्या फेट्यासकट चेहऱ्याची पोस्टरं छापायला टाकली. गोष्ट शेवटपर्यंत ऐकवायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही. ती मी शूटिंगच्या पहिल्या सकाळी ऐकवली.

“मरनं?” आधारभाऊ म्हणाले. “मी मरस नही.”

मला वाटलं गंमत करताहेत. पण ते गंभीर होते. त्यांच्या गुरूंच्या फडात एका वर्षी जत्रेत राजा वगात मेला आणि महिन्याभरात फड मोडला. तेव्हापासून त्यांच्याकडे रिवाज पडला, राजाचं काम करणारा माणूस लोकांसमोर मरत नाही. “चाळीस मानसं शेत मना फडमा. त्यास्नं काय करू?” फड मोडला तर त्या चाळीस पोटांचं काय, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, निदान मार खा, बेशुद्ध पडा. ते म्हणाले, “राजा मार बी खास नही.”

आता गुरू मरत नाही तर बदला कशाचा? आणि बदला नाही तर पिक्चर कशाचा? आधारभाऊंवर चिडावं तर माणूस खरं बोलत होता. त्यांना काढावं तर पोस्टरं भिंतींवर लागली होती. शेवटी शेठनेच तोडगा काढला. गुरू मरत नसेल तर शिष्याला मारा आणि गुरूला बदला घेऊ द्या.

“यादव, नाराज नको होऊ,” शेठ म्हणाले. “हीरो तूच. फक्त मध्यंतरापर्यंत.”

यादवने नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, “बायकांचा शो होईल ना पण?”

पुढची अडचण अशी की आधारभाऊंचा पाय कमरेच्या वर जाईना. तेव्हा डोकं मी चालवलं. यादवला त्यांचा अंगरखा घातला, फेटा बांधला, पोट सारखं दिसावं म्हणून गोधडीचा तुकडा कमरेला गुंडाळला आणि त्याला पाठमोरा लढवला. मेच्या उन्हात, धुळ्याच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात, तो माणूस गोधडी बांधून उडत होता. लाथ बसली की मी कॅमेरा थांबवायचो, मग आधारभाऊ कॅमेऱ्याकडे वळून मिशीवर ताव द्यायचे. आपल्याच मरणाचा बदला घेताना यादवला घामोळ्या आल्या. तो एकदा तरी चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

दोंडाईच्याला दुपारचा शो लागला. हॉल बायकांनी भरला. द्रौपदाबाई नवं लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसली होती. यादव तिला सगळं सांगणार होता, पण म्हणाला, आधी सांगितलं तर मजा जाईल.

मध्यंतराला पडद्यावर यादव मेला. चांगला मेला, मीच सावकाश जवळून घेतला होता. द्रौपदाबाई उठली आणि कोणाकडे न पाहता बाहेर जाऊन पायरीवर बसली. आम्ही तिच्यामागे धावलो. ती रडत नव्हती, नुसती यादवचा हात घट्ट धरून होती.

“माय, आत चाल. आते मी लढस.”

“तू तं मरी गया. मी मना डोयाघाई दखं.”

आत मारामारी सुरू झाली. बायकासुद्धा टाळ्या पिटत होत्या. “आधारभाऊ, आधारभाऊ” अशा हाका येत होत्या.

“माय, आतमा जो मारी ऱ्हायना ना, तो मीच शे. पुनाभाऊ, सांगा ना हिला.”

मी सांगितलं. फेटा, अंगरखा, गोधडी, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि यादवच्या पाठीवरून हात फिरवला. सदऱ्याखाली घामोळ्या अजून हाताला लागत असतील. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“मना पोऱ्या जित्ता व्हता, लढी ऱ्हायंता, तं तुम्ही त्यानं तोंड का बरं नही दखाडं?”

आत पुन्हा टाळ्या पडल्या. यादव खाली पाहत होता. त्या जिनिंगच्या आवारात कॅमेरा माझ्याच खांद्यावर होता.