पट्टीखालची दोन नावं

ते भांडण कानावर पडलं तेव्हा काकूंचे दोन्ही हात खळीने माखलेले होते, नाहीतर त्यांनी उठून दार लोटून घेतलं असतं.

शेजारच्या खोलीत दोन शिकलेली माणसं हमरीतुमरीवर आली होती. मधे संपादकबाई बसल्या होत्या, पण त्यांना कोणी विचारत नव्हतं.

“जुनी वीजकेंद्रं एका झटक्यात बंद करा म्हणता. तिथे राबणाऱ्यांनी काय वारा खाऊन राहायचं?” हे सर. यांचा सगळा जन्म कोळशाच्या वीजकेंद्रांचा अभ्यास करण्यात गेलेला.

“आणि तुम्ही म्हणता हळूहळू. तुमचं हळूहळू म्हणजे कधीच नाही,” या पवनचक्क्यांवर लिहिणाऱ्या बाई. “तुमचा तक्ता म्हणजे चाळणी आहे, सर. कितीही ओता, आत थेंब राहत नाही.”

“आणि तुमचा लेख म्हणजे पंखा. वारा भरपूर, उजेड शून्य.”

खुर्च्या सरकल्या. यापुढे या माणसाशी एक शब्द बोलणार नाही, असं बाईंनी जाहीर केलं. सर म्हणाले, तेवढं एक काम तरी वेळेवर पार पाडा. बाहेर पडताना दार एकच होतं, पण जिने दोन होते. सर डावीकडून उतरले, बाई उजवीकडून. त्यानंतर चौदा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

काकूंचं काम नावं झाकायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांतून एक त्रैमासिक निघे. हवा तापते आहे, समुद्र चढतो आहे, वीज कशापासून करावी, सरकारने कोणते कायदे करावेत, असल्या विषयांवर मोठमोठी माणसं त्यात लिहीत. लेख आला की छापण्याआधी तो दुसऱ्या जाणत्या माणसाकडे तपासायला जाई. लिहिणाऱ्याला तपासणारा कळू द्यायचा नाही आणि तपासणाऱ्याला लिहिणारा. पहिल्याच दिवशी संपादकबाईंनी समजावलं होतं, “नाव दिसलं ना काकू, की माणूस लेख वाचत नाही, नाव वाचतो.”

काकूंना हे एकदम पटलं. घरात भाजी कोणी केली ते आधी कळलं की जेवणारे तशीच तोंडं करतात, हे त्या लग्नापासून बघत आल्या होत्या.

चौथीपर्यंतची शाळा त्यांना नाव वाचायला पुरे होती. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाच्या त्या पट्ट्या कापत, घरून डब्यात आणलेली खळ लावत आणि पान खिडकीच्या काचेवर धरून बघत. उजेडातही अक्षर दिसलं तर वर आणखी एक पट्टी. मग पाकीट पिशवीत घालून स्वतः नेऊन द्यायचं, वहीत सही घ्यायची. तपासणाऱ्याचं मत आठ-पंधरा दिवसांनी आणायचं, त्याचंही नाव झाकायचं. आतला मजकूर वाचायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. वाचला असता तरी फारसा कळला नसता, ही गोष्ट वेगळी.

भांडणाला तीन महिने झाले असतील. सरांचा नवा लेख आला आणि संपादकबाई म्हणाल्या, “हा पवनचक्कीच्या बाईंकडे द्या.”

“अहो, पण त्यांचं तर...”

“या विषयातलं त्यांच्याइतकं कोणाला कळतं सांगा. तुम्ही पट्टी घट्ट लावा म्हणजे झालं.”

काकूंनी त्या दिवशी तीन पट्ट्या लावल्या.

लेख छापून आला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘अनामिक समीक्षकांचे मनापासून आभार’. पुढच्या अंकात बाईंचा लेख, तपासलेला सरांनी, आणि खाली तेच आभार. असं वर्षानुवर्षं चाललं. समोर आले असते तर तोंड फिरवून गेले असते, आणि छापील पानावर एकमेकांचे मनापासून आभार मानत होते. काकूंना कधी कधी रस्त्यातच हसू फुटे आणि समोरून येणारा माणूस उगाच आपले कपडे तपासून बघे.

काकूंचे यजमान त्याच इमारतीच्या तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करत. संध्याकाळी बरोबर घरी जाताना ते विचारत, “आज कोणाला झाकलंस?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“माझ्याशीही पट्टी?”

“तुमच्याशी दोन.”

मग चौदाव्या वर्षी कार्यालयात संगणक आला. संपादकबाईंनी काकूंना बसवून सांगितलं, की पुढच्या वर्षापासून लेख संगणकावरच येतील, नावं तोच झाकेल, आणि काकूंनाही आता आराम हवाच. काकूंना आरामाचं काही वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “मग सरांचा लेख बाईंकडे जाणार ना?”

“तो कोणाकडे जाईल ते आता यंत्र ठरवेल. परदेशातही जाईल.”

त्या रात्री काकूंचं जेवणात लक्ष नव्हतं. दोघंही सत्तरीच्या पलीकडे गेलेली. त्यांच्यामधे एकच धागा होता आणि तो काकूंच्या पिशवीतून जात होता. तो तुटला की ही दोन माणसं एकमेकांना कायमची मुकणार, आणि कोणाला मुकलो हेही त्यांना कळणार नाही. सांगून टाकावं, तर चौदा वर्षं पाळलेला शब्द मोडतो. सकाळी त्यांनी संपादकबाईंना विचारलंच, “आता शेवटी शेवटी सांगितलं तर?”

“नाही, काकू. शेवटी सांगायचं असेल तर आधी झाकलं कशाला?”

ते खरंच होतं. काकूंनी सरांच्या ताज्या लेखावर नेहमीसारखी पट्टी लावली, खिडकीवर धरून पाहिली आणि बाईंच्या घरी गेल्या.

बाईंनी दारातच पाकीट फोडलं. पहिलं पान वाचता वाचता त्यांना हसू आलं. “म्हातारा अजून दर तीन शब्दांनी दम खातो बघा. एवढे स्वल्पविराम कोणी घालतं का?”

काकूंच्या हातातली वही खाली पडली. “कोण म्हातारा? मला काही माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणताना तुमचे कान लाल होतात.” बाईंनी वही उचलून दिली. “मला दुसऱ्या लेखापासून कळलं होतं. म्हणून मी मतात लिहिलं, की लेखकाचा तक्ता आता पाणी धरतो. पुढच्या खेपेला माझ्या लेखावर मत आलं, वाऱ्याइतका उजेडही दिसू लागला आहे. आता हे आणखी कोण लिहिणार?”

काकू तिथेच पायरीवर बसल्या. भांडण त्यांनी शब्द न् शब्द ऐकलं होतं. एक पान जरी वाचलं असतं तरी कळलं असतं. आतलं वाचायचं नाही या नियमाने त्यांचीच फजिती केली होती.

“मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?”

“समोर आलो की आमचा आवाज चढतो हो. पट्टीआड दोघंही ऐकून घेत होतो.”

काकूंनी संगणकाचं सांगितलं. ते सांगायला मनाई नव्हती. बाईंनी पानं पुन्हा पाकिटात घातली. मग आत जाऊन पायात चपला अडकवून आल्या. “आता कुठे जायचंय तुम्हाला?”

काकूंच्या पिशवीत एक पाकीट होतं. तिसऱ्याच कोणाचा तरी लेख, सरांनी तपासायचा. “ते मी सांगणार नाही.”

“नका सांगू. तुम्ही चाला.”

काकू चालू लागल्या. पूल ओलांडला, बाजार ओलांडला. मागे चपलांचा आवाज येत होता. मागे वळून बघावं असा काही नियम नव्हता, म्हणून त्यांनी बघितलं नाही.

सरांनी दार उघडलं. काकूंच्या खांद्यावरून मागे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“चाळणी आणलीत का?”

“आणली. घरात पंखा आहे की मीच पुरे?”

सरांनी स्वतः चहा केला, तो पाणचट होता. पंधरा मिनिटं होतात न होतात तोच वीजकेंद्र पाच वर्षांत बंद करावं की बारा, यावरून दोघांचे आवाज चढले. पूर्वीसारखेच. पण या वेळी कोणी खुर्ची सरकवली नाही. काकूंनी दोन बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि सही घ्यायला तासभर थांबल्या.

“म्हणजे,” संध्याकाळी यजमान म्हणाले, “सरांना माहीत, बाईंना माहीत, तुला माहीत. चौदा वर्षं झाकलंस ते एकट्या माझ्यापासून.”

“पट्टी घट्ट होती म्हणायची,” काकू म्हणाल्या.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कार्यालयात एक लेख आला. वीजकेंद्र आठ वर्षांत कसं बंद करायचं आणि तिथल्या माणसांना कोणतं काम द्यायचं, असा. वर दोन नावं शेजारी शेजारी होती. काकूंनी नेहमीची पट्टी ठेवून पाहिली, ती पुरेना. त्यांनी कॅलेंडरचं नवीन पान घेतलं, लांब पट्टी कापली, कडेपर्यंत खळ लावली आणि तळव्याने दाबून बसवली. खिडकीवर धरली. काही दिसत नव्हतं.

लेख तपासायचा होता टेकडीवरच्या कॉलेजातल्या तरुण प्राध्यापिकेने. काकू टेकडी चढल्या, वाटेत दोनदा टेकल्या. प्राध्यापिकेने पाकीट उघडलं आणि पट्टीवरून बोट फिरवलं.

“केवढी लांब पट्टी. कोणाचा लेख आहे हो, काकू?”

“मला काय माहीत,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी वही पुढे केली. “इथे सही करा.”