मावसाजींचा अंगठा

जगात जे काही बिघडतं ते ढिलेपणामुळेच, हे ठामपणे मानणारा आणि अंगठ्यानं दाबून सिद्ध करणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे यवतमाळचे आमचे मावसाजी. सरकी काढणाऱ्या जिनात ते फिटर होते. यंत्रांचे पट्टे दाबून पाहता पाहता त्यांना सगळ्या दुनियेचा ताण तपासायची खोड लागली. कुणाकडे गेले की आधी कपड्यांची दोरी दाबत, मग खाटेची नवार, आणि मग पाणी मागत. एका लग्नात त्यांनी मांडवाची दोरी अशी आवळली की खांबच उपटून आला. मावसाजी शांतपणे म्हणाले, "खांब ढिल्ला होता."

साठ सालाच्या सुमारास त्यांनी एक जुनी विलायती मोटार घेतली, चालवण्यापेक्षा उघडण्यासाठीच. दसऱ्याला तीत बसवून मावशीला माहेरी, बोरी अरबला न्यायचं, हे वचन दरवर्षी पुढच्या दसऱ्यावर जाई. 'जावयाची मोटार बैलांमागंच येईल,' असं आजोबा चारचौघांत म्हणाले, ते मावशीला फार लागलं. मग एका दसऱ्याला सकाळीच मावसाजींनी अंगणात इंजिनाची टायमिंगची साखळी बदलायला काढली. ही साखळी दोन दातेरी चाकांवर बसते; एक दात चुकला तरी इंजिन नुसतं खोकत राहतं. म्हणून त्यांनी दोन्ही चाकांच्या नेमक्या दातांवर मावशीच्या करंड्यातल्या कुंकवानं खूण केली, चाकं उतरवून पाटावर ठेवली आणि अंघोळीला गेले.

येऊन बघतात तो मावशीनं पाटावरच्या यंत्राची पूजा आटोपलेली. एकही दात तिनं कुंकवावाचून ठेवला नव्हता. आयुष्यात प्रथमच त्यांच्या अंगठ्याला दाबायला काही सुचेना. मावशी वाकली, निरखून बघत राहिली आणि म्हणाली, "हे रुंद टिपके तुमचे, अंगठ्याचे. बाकीचे माह्या या बोटाचे." आणि तिनं अनामिका वर धरली.

नवी साखळी बसली. मावसाजींनी ती दाबली, पुन्हा दाबली. "आता बराबर हाय." हँडल मारताच इंजिन सुरू झालं आणि बोरी अरबपर्यंत एकदाही खोकलं नाही. मागच्या सीटवर मी होतो. पुढे मावशी अशी बसली होती की रस्त्यानं तिला मुजरा करावा. आजोबांनी मोटारीला पूर्ण फेरी घातली. बैल कुठंच नव्हते. मग ते निमूट आत बसले आणि म्हणाले, "गावातून एक चक्कर मार."

मावसाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मावशीकडे गेलो, तेव्हा दोरीवर लुगडं टाकण्याआधी तिनं ती अंगठ्यानं दाबून पाहिली. "ढिल्ली झाली रे," म्हणाली. मी आवळून दिली, पण तिला हवी तशी काही ती झाली नाही.