कायम व्हायचा कागद

आज सकाळी स्नेहलने एचआरच्या केबिनमध्ये माझ्यापुढे एक कागद सरकवला आणि सगळं तिथेच बदललं.

भावांनो, कॉलेज अर्धवट सोडून मी अंबडच्या कंपनीत कंत्राटी लागलो. दर सात महिन्यांनी आम्हाला ब्रेक देतात, थोडे दिवस काढून पुन्हा नव्याने घेतात, म्हणजे कुणी कायम होत नाही. म्हणून आम्ही युनियन केली. स्नेहल तिथेच एचआरला आहे. तिच्यावर माझा जीव आहे, पण तिच्या घरी जावई कायम नोकरीवालाच हवाय.

"युनियन सोडली असं लिहिलंय, सही कर. साहेब तुला कायम करतायत."

"आणि बाकीची पोरं?"

"त्यांच्याशी लग्न करायचंय का तुला?"

एरवी मी टेबल आपटलं असतं. आज रागच आला नाही, तिच्याबद्दल काहीच वाटलं नाही. तुम्ही काय केलं असतं, सांगा. मी सही न करता उठलो, बाहेर आलो आणि मागे दार ओढून घेतलं.