सुनेसाठी टाकलेला शब्द

आमच्या घरात एक गोष्ट बरीच वर्षं चुकीची सांगितली जाते. ती अशी, की सुनेच्या शिक्षणाचं एक अख्खं वर्ष तिच्या बडबडीमुळे वाया गेलं. ते खरं नाही. वर्ष माझ्यामुळे गेलं. मी ऐंशी ओलांडली आहे आणि आता ही गोष्ट दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. मी पुण्यात पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून काही वर्षांपूर्वीच निवृत्त झालो होतो आणि आता बायकोसह परदेशात, मुलाकडे हॅमिल्टनला राहायला आलो. मुलाने तिथल्या रोटोटुना उपनगरात नुकतंच घर घेतलं होतं. तो इंजिनियर. सून मुंबईत नर्स होती, इथेही नर्सच, आणि नोकरी सांभाळून नर्स प्रॅक्टिशनर व्हायचा अभ्यास करत होती. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे स्वतः रोगी तपासणारी, औषध लिहून देऊ शकणारी नर्स. त्या काळी देशात अशा नर्सेस अगदी थोड्या होत्या.

पुस्तकी अभ्यास संपला होता. राहिलं होतं ते प्रत्यक्ष काम. कुणातरी डॉक्टरने प्रीसेप्टर व्हायला, म्हणजे काही महिने तिला हाताखाली घेऊन शिकवायला कबूल व्हायचं आणि विद्यापीठाच्या फॉर्मवर सही करायची. हा डॉक्टर विद्यापीठ शोधून देत नसे. विद्यार्थिनीने आपला आपण शोधायचा.

त्या शोधाने घरात वैताग आणला होता. संध्याकाळी ती फोन घेऊन बसे. एका दवाखान्यात रिसेप्शनवरची बाई म्हणे, ईमेल करा. ईमेलला उत्तर येत नसे. दुसरीकडे खोली रिकामी नाही. तिसरे डॉक्टर म्हणाले की कल्पना उत्तम आहे, असं कुणीतरी करायलाच हवं, मात्र यंदा आम्हाला जमणार नाही. एकाने होकार दिला आणि पंधरा दिवसांनी सुट्टीवर निघून गेला. अशा नर्सेस हव्यात असं सगळेच म्हणत, पण घडवायला वेळ कुणाकडे नव्हता. महिनाअखेरीस सही झालेला फॉर्म गेला नाही तर वर्ष बुडणार होतं.

मग मधुमेहावरच्या एका व्याख्यानाला तिला एक वयस्कर डॉक्टर भेटले. योगायोगाने ते माझेच डॉक्टर. मी आणि बायको त्यांच्या दवाखान्यात नाव नोंदवून होतो. तिने त्यांना गाठलं, नंतर दवाखान्यात जाऊन भेटली, अर्धा तास बोलली. ते म्हणाले, कागद पाठव, गुरुवारी माझ्या भागीदारांशी बोलतो, मला तरी अडचण दिसत नाही. त्या दिवशी जेवताना ती इतकी बोलली, की मुलाने तिला दोनदा भात गार होतोय म्हणून सांगितलं.

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण माझं सगळं आयुष्य शब्द टाकण्यात गेलेलं. शाळेतला प्रवेश असो, इस्पितळातली खाट असो, कुणाची बदली असो. अर्ज केला की काम अर्धं होतं आणि कुणीतरी मोठ्या माणसाने जाऊन दोन शब्द बोलले की पुरं होतं, असं मी मानत होतो. तेव्हा मी बुधवारची वेळ घेतली. रक्तदाब तपासायचा आहे असं घरी सांगितलं. बायकोने केलेले बेसनाचे लाडू डब्यात भरले. वाचनालयातल्या बाईंना देतो म्हटलं.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, ठीक आहे म्हणाले. मग मी डबा टेबलावर ठेवला आणि चालताना पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं. माझी सून फार हुशार आहे, कष्टाळू आहे, चांगल्या घरातली आहे, तुम्ही तिला नाही म्हणू नका. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तिने पाठवलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो. तिनेच पाठवलं."

हे खोटं होतं. तिला पत्ताही नव्हता. पण मी आपणहून आलो म्हटलं तर मी आगाऊ ठरलो असतो. तिने पाठवलं म्हटलं की ती नम्र ठरते, घरातल्या वडीलधाऱ्याला पुढे करणारी ठरते, असा माझा हिशेब. डॉक्टरांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि हे मला घेता येणार नाही म्हणाले. सज्जन माणूस पहिल्यांदा नाहीच म्हणतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आणखी दोनदा आग्रह केला. शेवटी ते उठून उभे राहिले. मी लाडूंचा डबा घेऊन घरी आलो तो काम झाल्याच्या आनंदात.

शुक्रवारी तिला ईमेल आली. चार ओळींची. विचार केला, पण आम्हाला जमणार नाही, व्यावसायिक मर्यादा पाळण्याबद्दल काही शंका वाटतात, शुभेच्छा. तिने फोन केला तर रिसेप्शनने पुढे जोडून दिला नाही.

पुढचे कित्येक दिवस ती स्वयंपाकघरात एकच अर्धा तास पुन्हा पुन्हा उगाळत होती. डॉक्टरांच्या टेबलावर त्यांच्या मुलीचा फोटो होता, हिने विचारलं होतं, काय करते तुमची मुलगी. तेच खटकलं असेल का? की त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली ते? मुलगा म्हणाला, "तू जरा जास्तच बोलतेस. इथे लोकांना आवडत नाही." मी तिथेच कोथिंबीर निवडत बसलो होतो. ईमेलमधल्या त्या मर्यादा कुणी मोडल्या, हे मला एव्हाना समजलं होतं. मी काड्या बाजूला करत राहिलो.

महिना संपला. फॉर्म गेला नाही. वर्ष बुडालं.

दुसऱ्या वर्षी तिला एका लहान गावातली डॉक्टरीण मिळाली, जायला दीड तास, यायला दीड तास. ती गेली, शिकली, पास झाली. मी नातीला सांभाळलं, आणि लोक माझं कौतुक करत. पण सून बदलली होती. कुरियरवाल्याला त्याच्या आईची तब्येत विचारणारी मुलगी ती; आता मोजून मापून बोलू लागली. आणि माझं पुढचं पाप असं, की कुणी नातेवाइकांनी विचारलं तर मीच सांगायचो, आमची सून गुणी आहे हो, पण तोंडाने जरा फटकळ, त्यात एक वर्ष गेलं बिचारीचं. पहिलं खोटं घाबरून तोंडून गेलं होतं. हे मी सावकाश, चहा पीत पीत सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात एक विद्यार्थिनी घरी आली. आता सूनच दुसऱ्यांची प्रीसेप्टर असते. ही मुलगी आणखी एका डॉक्टरांना भेटायला जाणार होती, काय बोलू विचारत होती. सून म्हणाली, "कामापुरतं बोल. घरच्या चौकशा करू नकोस. मी केल्या आणि वर्ष घालवलं." मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मी सोफ्यावर होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, सगळे टेबलाशी होते. मी सांगितलं. डबा, रक्तदाब, सगळं.

मग सून म्हणाली, "नेमकं काय म्हणालात, बाबा? इंग्रजीत सांगा."

"येस. शी सेंट मी."

तिने मान हलवली, जणू रोग्याने लक्षण सांगितलं. "खोटं बोललात ते एक वेळ समजू शकते मी. पण त्या शुक्रवारी मला सांगितलं असतं ना, तर मी जाऊन त्यांना म्हटलं असतं, माझे सासरे आपल्या मनाने आले होते, माफ करा. दहा मिनिटांचं काम होतं. महिना संपायला अजून नऊ दिवस होते."

बायको म्हणाली, "खात्यातून रिटायर झाले, पण खातं काही यांच्यातून रिटायर झालं नाही." नात, जी तेव्हा शाळेतही जात नव्हती आणि आता नोकरी करते, माझ्याकडे पाहत म्हणाली, "सो यू जस्ट लेट हर थिंक इट वॉज हर?" मुलगा खाली बघत होता. त्याचंही एक वाक्य त्यात होतं.

सुनेने फोन उचलला आणि त्या विद्यार्थिनीला लावला. काल सांगितलं ते खोडून टाक म्हणाली. तू जशी बोलतेस तशीच बोल.

मी विचारलं, डॉक्टरांना पत्र लिहू का? ती म्हणाली, "ते कधीच दवाखाना सोडून गेले. आणि त्यांना लिहून तुम्हाला बरं वाटेल, मला नाही. ज्यांना ज्यांना तुम्ही मी फटकळ आहे म्हणून सांगितलंत, त्यांना फोन करा."

तिला तेही माहीत होतं तर.

आतापर्यंत सात फोन झाले. प्रत्येक जण मला गप्प करायला बघतो, याचाच आता वैताग येतो. वेलिंग्टनचा मामेभाऊ म्हणाला, जाऊ दे रे, किती जुनी गोष्ट, आणि क्रिकेटवर गेला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, मी फटकळ म्हणालो तेव्हा तू शेवटपर्यंत ऐकलं होतंस. आता हेही शेवटपर्यंत ऐक.