तोंडीचे सहा गुण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल.

एकोणऐंशी साल. नाशिकच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. सातवीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका होते, आणि माझी मुलगी मीनल त्याच वर्गात होती. प्रगतीपुस्तकं तेव्हा आम्ही हातानं भरायचो. चाचण्या, सहामाही, वार्षिक — सगळे गुण उतरवायचे, बेरजा करायच्या, नंबर काढायचे, खाली शेरा लिहायचा. लेखी पेपर मुलं घरी नेत, कुणी तरी पुन्हा बेरीज करून बघे. पण तोंडी परीक्षेचं काय? मूल येतं, कविता म्हणतं, उतारा वाचून आपल्या शब्दांत सांगतं, आणि जातं. मागे उरतो तो बाईंनी लिहिलेला आकडा. तो कोण तपासणार?

हे मला पुरतं ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते.

वर्गात सुजाता होती. वडील ओझरच्या विमान कारखान्यात कामगार, राहायला शाळेमागच्या बौद्ध वस्तीत. तोंडीला तिच्या वाट्याला वादळात सापडलेल्या नावेचा उतारा आला. तिनं तो सांगितला, आणि शेवटी म्हणाली, "आणि नावाड्याची बायको काठावर उभी होती."

मी म्हटलं, "हे कुठंय पुस्तकात?"

"नाहीये बाई. पण उभी असणारच ना?"

मी हसले. वीसपैकी एकोणीस दिले — पेन्सिलीनं. इतके मी कुणालाच दिले नव्हते.

मग एप्रिलातल्या एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत एकटीच बेरजा करत बसले होते. सुजाता पहिली येत होती. मीनल तिच्यामागे, चार गुणांनी. मीनल बाहेर पायरीवर माझी वाट बघत बसली होती. तिनं काही मागितलं नव्हतं. मुख्याध्यापक काही बोलले नव्हते. घरून काही दडपण नव्हतं. मी एकोणीस खोडले आणि शाईनं तेरा लिहिले.

का? पोरीची माया — असं म्हणता येईल. पण तेवढंच नव्हतं. माझ्या मनात आलं, त्या वस्तीतल्या मुलीला दुसरा नंबर काय कमी आहे? अगदी याच शब्दांत आलं. मीनलच्या बाबतीत मी दुसरा नंबर सहन करू शकत नव्हते, आणि सुजाताच्या बाबतीत मला तो भरपूर वाटत होता.

निकालाच्या दिवशी तिचे वडील आले. पहिल्या पाळीची रजा टाकून आले होते. प्रगतीपुस्तक हातात धरून म्हणाले, "बाई, बाकी सगळं बरं आहे. तोंडीतच कशी मागं पडली? घरी तर धडाधडा बोलते."

सुजाता शेजारी उभी होती. माझ्याकडे बघत होती.

आणि मी म्हणाले, "लिहिते छान. पण चारचौघांत बोलताना अडखळते. वाक्य तुटतं तिचं."

गुण कापले ते एकदाच. पण हे वाक्य — हे मी तिच्या तोंडावर बोलले. वडिलांनी मान हलवली. "बरं झालं बाई, सांगितलंत. आम्हाला कुठं कळतं?" आणि पोरीला म्हणाले, "ऐकलं ना?"

ती "हो" म्हणाली.

त्या दिवशी घरी मीनल म्हणाली, "आई, मला वाटलं होतं सुजाताचाच नंबर येईल." मी तिला हातपाय धुवायला पाठवलं.

आठवीत सुजातानं हात वर करणं सोडलं. वक्तृत्वाला नाव दिलं नाही. मी वाचायला उभी केली की ती हळू वाचायची, मधेच थांबायची, माझ्याकडे बघायची आणि पुढचं वाक्य खरोखरच तुटायचं. वर्गात कुणी हसलं तर मी रागवायचे. तेवढं करायचे. पुढे दहावी होऊन ती शाळेतून बाहेर पडली.

नऊ-दहा वर्षांनी बस स्टँडवर भेटली. तिनंच हाक मारली. दिंडोरीला एका कचेरीत टायपिस्ट झाली होती. मी विचारलं, शिक्षिका नाही का झालीस, मराठी इतकं चांगलं होतं तुझं.

"डी.एड.ला नंबर लागत होता बाई. घेतला नाही. वर्गासमोर उभं राहून बोलायचं, ते मला कुठलं जमायला? तुम्ही वेळेवर सांगितलं होतं, ते बरं झालं. नाहीतर फजिती झाली असती." हे ती मनापासून बोलली. टोमणा नव्हता — असता तर मला सोपं गेलं असतं.

तिच्या बसला बराच अवकाश होता. आम्ही दोघी बाकावर बसलो. तिनं मीनलची चौकशी केली. सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तिला मीनलच्या लग्नात काय काय केलं ते सांगत राहिले, बस लागेपर्यंत.