रोहिदासच्या गोगलगायी

मोपाच्या हॉटेलातली प्रवाळाची टाकी डिचोलीचा रोहिदास गावस सांभाळायचा आणि तिला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. उद्या लग्नाचं वऱ्हाड यायचं होतं आणि प्रवाळावर शेवाळ माजलं होतं. मॅनेजर केरकर औषधाची बाटली घेऊन त्याच्या मागेच लागले.

"सायबा, ह्यात मोरचूद आहे. पोफळींवर फवारतात तोच. मोरचूद म्हणजे तांब्याचं विष! शेवाळाबरोबर ते खाणाऱ्या माझ्या गोगलगायीही मरतील. टाकी त्याच साफ करतील, तुम्ही गप्प बघा."

सकाळी सगळ्या गोगलगायी तळाशी उलट्या पडलेल्या. रोहिदासचं डोकंच फिरलं.

"माझ्या मागून औषध ओतलंत ना?"

केरकरांनी बाटली त्याच्यापुढे आपटली. तिचं सील शाबूत होतं.

"मग टाकीत दुसरं काय गेलं?" त्यांनी विचारलं.

"काय जाणार? पाणी आटतं तेवढं रोज भरतो. तेही गाळलेलं. काल तर वऱ्हाड यायचं म्हणून आमच्या घरी पितात तसं, रात्रभर शुद्ध करून."

"शुद्ध करून? कशात?"

रोहिदासने मागे वळून पाहिलं. टाकीशेजारी, त्यानेच चिंचेने घासून लख्ख केलेला तांब्याचा कळसा काठोकाठ भरलेला होता.